कोऱ्या सोडलेल्या दोन ओळी

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. निवूआत्यास,
आश्लेषाचा नमस्कार.

तब्येत बरी असेल. सहामाहीचे पेपर तपासून हातावेगळे झाले असतील. इकडे आई ठीक, बाबा ठीक, वाडीत सुपारी यंदा बरी धरली आहे. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न उघडताच ठेवून देशील अशीही भीती आहे, पण लिहितेच.

तुझ्या कानावर आलं असेल-नसेल, ऑगस्टपासून मी आपल्याच ग्रामपंचायतीत आहे. सरकारी योजना, सहा महिन्यांचं प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्र. त्यावर 'प्रशिक्षणार्थी' असं इतक्या मोठ्या अक्षरात छापलंय की माझ्या नावाला जागाच उरलेली नाही. बी.कॉम. झालेल्या मुलीला तिथे काय शिकवलं विचारशील, तर सुई-दोऱ्याने फायली शिवायला, प्रिंटरच्या पाठीत नेमकी कुठे थाप मारायची ते, आणि इंटरनेट गेलं की लोकांना 'सर्व्हर डाऊन आहे' असं गंभीर चेहऱ्याने सांगायला. माझं टेबल पाण्याच्या फिल्टरला लागून आहे. जो येतो तो माझ्या कागदांवर ग्लास टेकवूनच पाणी पितो. सांगून सांगून हात टेकले.

आपले ग्रामसेवक, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, तीन गावं सांभाळतात. आपल्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. उरलेल्या दिवशी कोणीही काहीही घेऊन आलं तर उत्तर ठरलेलं : "भाऊसाहेब आले की बघू." हे वाक्य मी दिवसाला किती वेळा बोलते ते एकदा मोजलं. एकोणीस वेळा! आणि मंगळवारी भाऊसाहेब आले की त्यांची तालुक्याला मीटिंग निघते.

पण खरं डोकं फिरतं ते आवक नोंदवहीपायी. आलेला अर्ज त्या वहीत चढवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, अर्जदाराला शिक्का मारून पोच द्यायची. नियम इतका सरळ आहे. आमच्याकडे मात्र अर्ज हसून घेतात, "ठेवून जा" म्हणतात आणि कपाटावर टाकतात. क्रमांक नाही, म्हणजे अर्ज आलाच नाही. उद्या तो माणूस भांडायला आला तर त्यालाच विचारायचं, आवक क्रमांक सांगा.

त्यात आमच्या रतनकाकांची एक पद्धत. ते गेली बावीस वर्षं लिपिक आहेत. रोजच्या नोंदी संपल्या की ते खाली दोन ओळी कोऱ्या सोडतात. मी विचारलं, का? म्हणाले, "असू दे गो, कोणाचं अडलं तर मागाहून घालता येतं." म्हणजे वजनदार माणसाचा आज आलेला अर्ज मागच्या महिन्यातल्या तारखेला बसवायचा! पहिल्या आठवड्यात मला याचा केवढा संताप आला होता. आता मीच पट्टी घेऊन त्या दोन ओळी मोजून सोडते.

हे सगळं तुला का सांगतेय ते तुला कळलं असेल. तू शाळेत मुलांचे बहाणे रोज ऐकतेस.

परवा सोमवारी येसूबाई आल्या. खालच्या आळीतल्या, सत्तरीच्या. त्यांच्या विहिरीत गटाराचं पाणी उतरतंय. मी माझं वाक्य म्हटलं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तीन वक्ताला अर्ज दिला बाय. तीन वक्ताला ठेवून जा बोल्ले. माझ्याकडं काय हाय सांग? कायबी न्हाय. आज शिक्का मारलेला कागद दे, त्याबिगर मी न्हाय उठायची."

रतनकाका म्हणाले, "आजी, उद्या भाऊसाहेब आले की बघू."

"त्येंना बघू दे. मी बसलेली हाय."

सकाळी दहाला बसलेल्या बाई दुपारी चारलाही तिथेच. डबा आणला नव्हता. माझ्यातली अर्धी पोळी दिली तर म्हणाल्या, "भाकर नको, कागद दे." आत्या, मला त्या बाईंचा इतका राग आला! दिवसभर त्या माझ्याकडेच बघत होत्या. शेवटी रतनकाका चहाला गेले तेव्हा मी उठले, अर्ज वहीत चढवला, क्रमांक घातला आणि शिक्का मारला. पोच त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या निघून गेल्या.

आता ते लिहिते, जे तीन वर्षं बोलले नाही.

तुझा अर्ज आहे. कपाटावरच्या लाल कापडाच्या गठ्ठ्यात होता. आजोबांच्या मागे घराच्या उताऱ्यावर बाबांच्या बरोबरीने तुझंही नाव लावावं म्हणून तू केलेला, सुवाच्य अक्षरातला, चार सप्टेंबर दोन हजार बावीसचा. गणपती करून तू तुझ्या शाळेच्या गावी, तळ्याला, जाणाऱ्या एसटीत बसलीस आणि खिडकीतून तो माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "उद्या पंचायतीत दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय येऊ नकोस."

मी तो पंचायतीत दिलाच नाही. घरी आले तर बाबांनी विचारलं, हातात काय आहे? मी दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मी सदस्य आहे ना? मी देतो." मी वीस वर्षांची होते, अगदी कुक्कुलं बाळ नव्हते. त्यांनी तो का घेतला हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझा फोन आला तेव्हा मी सांगितलं, दिला, पोच मागाहून देणार आहेत.

मग तू चौकशीला आलीस. पंचायतीत तुला सांगितलं, असा अर्ज आलाच नाही. तू घरी येऊन बाबांना जाब विचारलास. बाबा म्हणाले, "तू दिलाच नसशील." तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "आशू, सांग ना." मी आमटीत पळी फिरवत राहिले. आमटी केव्हाच उकळून गेली होती. तू पाणीही न पिता गेलीस आणि परत आली नाहीस. तुला बाबांइतकाच माझाही राग आला असणार आणि तो बरोबर आहे.

बाबांनी क्रमांकाशिवाय कपाटावर टाकलेला तो अर्ज मला यंदाच्या सप्टेंबरमध्येच सापडला. दोन महिने मी तो परत त्याच गठ्ठ्यात ठेवून रोज घरी आले. तू येत्या मे महिन्यात निवृत्त होशील, भाड्याची खोली सोडशील, मग जाशील कुठे, हा विचार करत आले आणि जेवून झोपले. चांगलं प्रशिक्षण झालं माझं.

येसूबाई गेल्यावर मी तो बाहेर काढला. दोन हजार बावीसची वहीही काढली. पाच सप्टेंबर, सोमवार. नोंदी सात आणि खाली दोन ओळी कोऱ्या. तुझा अर्ज तिथे चपखल बसला असता. तारीख बरोबर, तू खरी, आणि मीही खरी! पेनाचं टोपण काढून मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. खोटं नाही सांगत, ती ओळ कोरी सोडणं अगदी जिवावर आलं होतं. मग ती वही मिटली, यंदाची उघडली आणि येसूबाईंच्या नोंदीखाली तुझा अर्ज चढवला.

काल भाऊसाहेब आले. दोन्ही नोंदी बघून भडकले. "तुम्ही शिकायला आलात की कार्यालय चालवायला? आणि शेऱ्याच्या रकान्यात असं कोणी लिहितं का?" पण पान फाडता येत नाही, वहीच्या सगळ्या पानांना आकडे आहेत. त्यांनी बाबांना लगेच फोन लावला. माझं प्रशिक्षण बहुतेक या महिन्यातच संपेल. संपू दे.

 काल जेवण झाल्यावर बाबा हात धुवायला उठले आणि पाठमोरेच म्हणाले, "शेऱ्यात माझं नाव का नाही घातलंस?" मी म्हटलं, ते तुम्ही सभेत सांगा. ते वाडीत निघून गेले. आज सकाळी बघते तर पश्चिमेच्या खोलीतले नारळ त्यांनी बाहेर काढून पडवीत रचलेत. खोली आता रिकामी आहे.  उगाच आशा लावू नकोस, पण बघितलं ते कळवते.

मासिक सभा अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी अकरा वाजता आहे. तुझा अर्ज विषयपत्रिकेवर घ्यावाच लागेल. तू ये. सोबतचा कागद आण, विचारतील. शिक्का दोनदा दिसतोय, कारण पहिल्यांदा पुसट उठला. मागच्या बाजूला वहीतला शेरा जसाच्या तसा उतरवून दिला आहे :

"सदर अर्ज अर्जदाराने दि. ४/९/२०२२ रोजी माझ्याकडे सुपूर्द केला होता. मी तो कार्यालयात दाखल केला नाही व विचारणा झाली असता खरे सांगितले नाही. – आश्लेषा, अर्जदाराची भाची."

आत्या, माफ कर म्हणायला तोंड नाही. पोच आणायला तीन वर्षं उशीर झाला, तेवढी घे. आणि हे पत्र मिळालं तर मलाही त्याची पोच दे. काही लिहू नकोस हवं तर, कोरं कार्ड टाक. पत्त्यात तुझं अक्षर दिसलं की मला पुरे.

तुझी,
आशू

सोबत : पोच, आवक क्र. ४१२, दि. १७/११/२०२५.