गोगलगायीची शिंगं

सोमवार, १३ ऑक्टोबर

गोगलगाय! माझ्या वयाच्या बाईला झोपायला गोगलगाय दिली आहे!

अमर्ले लंडनहून फोनवर गोड गोड बोलत होती – "आई, पुढच्या सोमवारी ऑपरेशन. त्याआधी चार दिवस समुद्राकाठी पडून राहा, बाबांनाही ने." पैसे भरून मोकळी झाली. मुलगी गुणाची, नाही म्हणवलं नाही. पण खोल्यांबद्दल चकार शब्द बोलली नाही लबाड. ह्या हॉटेलात पाहुण्यांसाठी सरळ चार भिंतींची एक खोली नाही. अननस आहे, खेकडा आहे, कोकोची शेंग आहे, बूट आहे, एक भलामोठा मासा आहे. माणसं त्यांच्या पोटात शिरतात, झोपतात, सकाळी हसत बाहेर येऊन फोटो काढतात.

आमच्या तेशी गावात असल्या आकारांत फक्त मेलेली माणसं झोपतात. कोळ्याला माशाची शवपेटी, कोकोच्या बागवाल्याला शेंगेची, ड्रायव्हरला बसची. तेशीतल्या निम्म्या पेट्या तर माझ्याच नवऱ्याच्या, सोवाच्या हातच्या. जन्मभर अंगणात त्यांचा भुसा झाडला, आता पैसे मोजून त्यांत झोपायचं!

सोवा गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बुटाची टाच चुकलीय."

मंगळवार, १४ ऑक्टोबर

गोगलगायीच्या छपरावर दोन शिंगं आहेत, टोकांना दिवे. रात्रभर चालू! बटण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

नाश्ता दहा वाजता आला. का, तर गोगलगायीतल्या पाहुण्यांना सगळं सावकाश द्यायचं असतं. ही म्हणे गंमत. पोटात कावळे ओरडताहेत आणि ह्यांची गंमत चालली आहे. वर चहा घेऊन येणाऱ्या पोरीच्या डोक्यावर शंख बांधलेला. एफुआ नाव तिचं, इथल्याच फान्ती लोकांच्या गावातली. बिचारीचा शंख सारखा डोळ्यावर घसरतो.

दुपारी फळ्यावर लिहिलेलं – 'आज पहाटे पकडलेली ताजी मासळी'. मंगळवारी! मंगळवार समुद्रदेवाचा, त्या दिवशी ह्या किनाऱ्यावर एक होडी पाण्यात उतरत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एफुआला म्हटलं, "काय गं, हा मासा स्वतः चालत आला वाटतं?"

"आजीबाई, हळू बोला ना," ती म्हणाली. "कालचा आहे. पण फळा मॅनेजर लिहितात."

"आणि आम्ही शवपेटीत झोपतोय ते कोण लिहितं?"

तिने चटकन तोंडावर हात ठेवला. "तो शब्द इथे काढायची बंदी आहे हो! परदेशी पाहुण्यांना ठाऊक नसतं. आम्ही नुसतं 'आकार' म्हणतो."

आकार! म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

मी तरी भांडं लपवत नाही. संध्याकाळी सोवाला सरळ विचारलं. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत, आणि मी काही तरणीताठी नाही. वाईट झालं तर मला साधी पेटी हवी. चार फळ्या आणि झाकण. तसं वचन दे, म्हणजे मी शांतपणे टेबलावर चढेन. त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. मग म्हणतो, "वारा छान आहे नाही?"

बुधवार, १५ ऑक्टोबर

टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता पलंगावर. मी त्याने तोंड पुसलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज हसून हसून पोट दुखलं. खरोखरच दुखलं, गाठीपाशी. पण हसले.

शेजारच्या खेकड्यात एक जर्मन नवरा-बायको आहेत. नवरा सकाळी बाहेर बसला होता, आपला खेकडा किती गोड म्हणून कौतुक उतू जात होतं. सोवा तिथे जाऊन नांगी ठोकून बघायला लागला.

"तुम्ही असलं काम करता?" जर्मनाने विचारलं.

"खेकडा दोनदा केलाय," सोवा म्हणाला. "दुसरा ह्याच्याहून चांगला जमला होता. पण आतला माणूस फार वजनदार. नेताना पाय निखळतील म्हणून माझा जीव वरखाली होत होता."

"नेताना? कुठे आहे तो आता?"

"जमिनीत," सोवा म्हणाला. "कुठे असणार?"

दुपारपर्यंत जर्मन मंडळी सामानासकट ऑफिसमागच्या चौकोनी खोलीत! मॅनेजर आला, घाम पुसत. "ताता, तुमचा धंदा थोर आहे हो, पण कृपा करून पाहुण्यांशी बोलू नका." सोवाला अजून कळलेलं नाही आपलं चुकलं काय. रुसून बसलाय. म्हणतो, "खरं तेच सांगितलं. आणि तो खेकडा सिमेंटचा आहे, तारांच्या जाळीवर थापलेला. सिमेंट! अशाने कोणीही करेल."

एफुआने गुपचूप आमच्यासाठी गावातून केंके, ते मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, आणि तळलेली मासळी आणली, हिरव्या मिरच्या वाटून. आलो त्या दिवसापासूनचं पहिलं अन्न! बाकी सगळं पानात फुलासारखं मांडलेलं असतं आणि दोन घासांत संपतं. नाव मोठं, लक्षण खोटं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वाळूत बसलो होतो. पुन्हा विचारलं.

सोवा छपराकडे बघत म्हणाला, "ही शिंगं लाकडात जमणार नाहीत."

"मी काय विचारतेय?"

"वावाचं लाकूड मऊ असतं. शिंग इतकं बारीक काढलं की मानेतून मोडतं. वेगळं करून चिकटवलं, तरी खांद्यावर पेटी उचलली की गेलं."

"सोवा, मला साधी पेटी पाहिजे."

"शिक्षिका आहेस. शिक्षिकेला पुस्तक तरी शोभतं. नाहीतर पेन."

पेन! इथे माझं टाळकं सरकलं. आमच्या शाळेतले अंकगणिताचे लाम्प्टे सर पेनातून गेले, ह्यानेच केलेल्या. निळं पेन, सोनेरी निब. लोक रडायचे थांबून पेनाचे फोटो काढत होते. 'वा! निब बघा, निब!' सरांकडे कोणाचं लक्ष होतं? मला कोणी वा म्हणायला नको. मला रडणारी माणसं हवीत. दोन असली तरी चालतील, पण त्यांनी माझ्यासाठी रडावं, निबसाठी नाही. हे सगळं त्याला सांगितलं.

तो वाळूत बोटाने काहीतरी रेघोट्या ओढत राहिला. मग म्हणाला, "उन्हात बसू नकोस, टीचर."

भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे – फार भीती वाटते. आणि ह्या माणसाच्या पोटातलं काही कळत नाही. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी ह्याला एकट्याला आत बोलावलं, मी पडद्यामागे कपडे करत होते. बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाले? "रक्ताचा गट विचारत होते." एवढा वेळ? गट सांगायला? पण विचारून उपयोग नाही. गोगलगाय, पोटात पाय!

आम्हाला दिली ती खोली बरोबर माणूस बघून दिली आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सुटलो. मॅनेजरने निरोपाला शंख फुंकला. तो वाजला नाही, नुसती हवा गेली. एफुआ मात्र माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी या, आजीबाई. अननस देते तुम्हाला." मी म्हटलं, बघू. डोळ्यांत पाणी आलं, त्या पोरीच्या शंखामुळे असेल.

सोवा गाडीत बसल्यावरही मागे वळून छपराकडे बघत होता.

रविवार, १९ ऑक्टोबर

तेशी. आपलं घर, सरळ भिंती.

शेंगदाण्याचं सार केलं. जेवताना पुन्हा विचारलं, आता नुसतं सवयीने. सोवा पानावरून मान वर न करता म्हणाला, "बरं. साधी पेटी. तू म्हणशील तशी."

वाद नाही, काही नाही. अख्ख्या संसारात हा माणूस माझ्या शब्दाला एकदाही हो म्हणालेला नाही. सारातल्या मिठावरूनसुद्धा नाही.

म्हणजे डॉक्टरांनी रक्ताचा गट विचारला नव्हता.

त्याच्या वाटीत आणखी सार ओतलं. मग म्हटलं, "साधी नको. गोगलगाय पाहिजे. शिंगांसकट."

"शिंगं लाकडात टिकत नाहीत, परवाच सांगितलं ना!"

"मग टिकव. एवढा मोठा सुतार ना तू?"

"आता तू मला सुतारकाम शिकवणार?"

"शिकवेन. नाहीतरी त्या बुटाच्या टाचेवरून फार शहाणपणा करत होतास!"

डोळे पुसत पुसत ओरडत होता. मीही ओरडत होते. शेजारी दिवा लागला. सार गार होऊन गेलं, आणि वर म्हणतो कसा, मीठ कमी आहे.

आता झोप लागेल.