यादीतला परदेशी

१२ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी आणि आजपासूनच रोज चाळीस किलोमीटर. १ फेब्रुवारीला शहर सायकलिंग संघटनेची निवड चाचणी. पन्नाशीवरचा गट, अंतर वीस किलोमीटर. पहिले तिघे राष्ट्रीय स्पर्धेसाठी जयपूरला. माझं वय चोपन्न. एकोणतीस वर्षं सायकल चालवतो आहे आणि छातीवर ‘नागपूर’ लिहिलेली जर्सी एकदाही मिळालेली नाही. मला ती हवी आहे. बस.

५.४०
बाहेर फार थंडी. थंड स्नायूंवर जोर दिला की कायमची इजा होते, असं कुठेतरी वाचलं आहे. उद्यापासून.

१३ जानेवारी, मंगळवार
आठ किलोमीटर झाले. मनाची तयारी चाळीसचीच होती, हे महत्त्वाचं. तसंही गटात नावं तीन, जागा तीन. संघटनेचे अध्यक्ष गोपाळराव (वय एकसष्ट, डावा गुडघा कामातून गेलेला), सक्करदऱ्याचा सायकलवाला धम्मदीप आणि मी. नुसतं सीटवर बसून वीस किलोमीटर पार केले तरी झालं.

संध्याकाळी ७
घात झाला. आमच्या सेक्रेटरी सिंधूताई, रिटायर्ड पीटी टीचर, यांचे ग्रुपवर लागोपाठ दोन मेसेज. पहिला : राष्ट्रीय स्पर्धा परदेशी स्वारांना खुली करावी का, यावर प्रत्येक संघटनेने महिनाअखेर मत कळवावं. दुसरा : आपल्या गटाची अंतिम यादी. १. गोपाळराव. २. धम्मदीप. ३. धर्मेंद्र गिरडकर (मी). ४. परदेशी (पूर्ण नाव नंतर).
तीनदा वाचलं. म्हणजे मत मागवताहेत आत्ता, आणि माणूस घुसवलासुद्धा! तोही नेमका माझ्याच गटात!

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
सिंधूताईंना तिळगुळाच्या निमित्ताने फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, चौथा कोण? म्हणाल्या, दमाचा माणूस आहे बाप्पा, उमरेड रोडवर रोज सकाळी पन्नास किलोमीटर मारते. मी विचारलं, मराठी येते का त्याला? त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्याहून चांगली बोलते.
आधी भाषा शिकून मग मैदानात उतरतात हे लोक. किती ही तयारी!
आज सायकल बंद. शहरभर पतंग आणि नायलॉनचा मांजा. गळा कापून घेऊन राष्ट्राचा काही फायदा नाही.

१७ जानेवारी, शनिवार
धम्मदीपच्या दुकानात गेलो. तो माझा प्रतिस्पर्धी असला तरी माझी चेन तोच बदलतो. विषय काढला. राष्ट्रीय म्हणजे राष्ट्राची, त्यात बाहेरच्याचं काय काम, असं ठणकावून सांगितलं. त्याचं मत उलटं. म्हणाला, आपल्याहून तेज माणसाच्या मागं लागल्याशिवाय पाय तयार होत नाई भाऊ. येऊ द्या त्यायले, चालवू द्या सोबत. पदक आपल्या माणसाले द्या, म्हणजे झालं. मी म्हटलं, हे सगळं तत्त्व म्हणून ठीक आहे. तो म्हणाला, मंग तुम्ही कशावर बोलून राहिले?
वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण सोबत चालवू द्यावं आणि नंबर धरू नये, ही कल्पना चांगली आहे. ती मला आधीच सुचली होती.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ९
त्याला पाहिलं. उमरेड रोडवर दिघोरीच्या पुढे. उंच, गोरा, घारे डोळे. मी बेसातून निघून तिथवर पोचलो होतो आणि दम खात उभा होतो. पुन्हा चालवायला लागलो तर मागून आला, वेग कमी केला आणि म्हणाला, काहून गा भाऊ, चेन वाजून राहिली तुमची, तेल टाका थोडं. आणि गेला. मी बघतच राहिलो. मागे वळूनही पाहिलं नाही त्याने.
उच्चारात कुठेही परदेशाचा मागमूस नाही. मला भीती वाटते आहे. हे इथेच लिहितो, बाहेर बोलायचं नाही.

रात्री जेवताना दिपालीला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आडनावाचा परदेशी असन तो, आमच्या माहेरी दोन घरं होती परदेशीची. मी समजावून सांगितलं की आडनाव असतं तर सोबत नाव असतं. तिने पोळी वाढली आणि म्हणाली, घ्या, सायकल चालवायची असते ना तुमाले.

२१ जानेवारी, बुधवार
रविवारच्या मीटिंगसाठी ठराव लिहिला. आधी लिहिलं, ‘परदेशी स्वारांना’. खोडलं. कोणाच्या तरी मागे लागल्यासारखं दिसत होतं. शेवटी असं झालं : ‘संघटनेच्या हद्दीबाहेरील स्वाराला पाहुणा म्हणून सोबत चालवू द्यावे, मात्र त्याचा क्रमांक धरू नये. हा नियम निवड चाचणीपासूनच लागू करावा.’ ‘हद्दीबाहेरील’ हा शब्द फार मोठ्या मनाचा वाटतो. कोणाचं नाव नाही, कोणाचा देश नाही. असा ड्राफ्ट आमच्या ऑफिसात दहा वर्षांत कोणी केला नसेल.
सायकल नाही. डोकं थकलं होतं.

२५ जानेवारी, रविवार
ठराव पास! चार विरुद्ध एक. एक म्हणजे धम्मदीप.
सिंधूताईंनी पेन थांबवून विचारलं, हद्दीबाहेरील म्हणजे कोणती हद्द लिहू? मी छाती पुढे काढून म्हटलं, आपली! गोपाळराव म्हणाले, संघटना शहराची आहे, महानगरपालिकेची हद्द लिहा, नाई तं उद्या कोणीबी कुठूनबी येईन. मला काय, मी ताबडतोब मान डोलावली. परदेश तर त्याच्याही कितीतरी बाहेर आहे.
निघताना धम्मदीपने विचारलं, भाऊ, तुम्ही घर कुठं घेतलं म्हणे? मी म्हटलं, बेसा, टू बीएचके, ये एकदा चहाला. तो काहीतरी बोलणार होता, पण गोपाळरावांनी त्याला हाक मारली.

२७ जानेवारी, मंगळवार
प्रॅक्टिसची गरज उरलेली नाही. परदेशी पाहुणा. उरलो तिघं. तरी नीट झोप लागत नाही, कारण कळत नाही. दिपालीला विचारलं, बेसा नागपूरच ना? ती म्हणाली, बस येते ना नागपूरची. हे उत्तर पुरेसं आहे.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी ४
सिंधूताईंच्या घरी कागदपत्रं तपासणी. नवीन ठरावामुळे आधार कार्ड आणा असा निरोप होता. मी मुद्दाम लवकर गेलो. त्याचा पासपोर्ट बघायचा होता.
तो आला. तोच, घाऱ्या डोळ्यांचा. नमस्कार करून चप्पल बाहेर काढली, कार्ड टेबलावर ठेवलं. सिंधूताईंनी मोठ्याने वाचलं, कृष्णकांत परदेशी, दिघोरी, नागपूर. मग मला म्हणाल्या, भाऊ, हे एसटीत होते, तीस वर्षं उमरेड–नागपूर गाडी चालवली यायनं. रिटायर झाल्यावर सायकल धरली.
मी पाणी मागितलं. मी पाणी पिईपर्यंत सिंधूताईंनी माझं कार्ड उचलून चष्मा लावला होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, भाऊ, बेसा महानगरपालिकेत येत नाई ना. तिथं नगरपंचायत आहे.
मी सांगितलं, पिन कोड नागपूरचा आहे. मी सांगितलं, ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे, लग्न नागपुरात झालं, हाडं मोडली तेव्हा जोडलीसुद्धा इथल्याच मेडिकल कॉलेजात. सिंधूताईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खाली सही माझीच होती, सूचक म्हणून. अक्षरही चांगलं आलं होतं.
परदेशी म्हणाले, चालवू द्या ना गा त्यायले, बाहेरचे असले म्हणून का झालं, सायकल तं चालवतेच ना. कार्ड दाखवायला आलेले गोपाळराव म्हणाले, चालवतीनच, पाहुणे म्हणून.
मला परदेशींकडे बघवलं नाही. घरी येऊन दिपालीला सांगितलं, तांत्रिक अडचण आहे. ती उठून चहा ठेवायला गेली. हे जास्त वाईट.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
जायचं नाही असं ठरवलं होतं. साडेपाचला जाग आली आणि गेलो. का गेलो, माहीत नाही.
शिट्टी वाजली. परदेशी सुटले, धम्मदीप त्यांच्या मागे. मी त्यांच्या मागे लागलो. पाचव्या किलोमीटरला छाती फुटेल असं वाटलं. अकराव्याला परदेशींनी मागे बघून ओरडून सांगितलं, मागच्या चाकाले चिकटा, हवा लागणार नाई. चिकटलो. कोणाच्याही इतक्या जवळून इतक्या वेगाने मी कधी चालवली नव्हती. चौदाव्याला त्यांच्यापासून मागे पडलो, पण तोवर गोपाळराव दिसेनासे झाले होते.
शेवटचे तीन किलोमीटर मी खरोखर सायकल चालवली. एकोणतीस वर्षांत एवढी चालवली नसेल. पाय थरथरत होते, डोळ्यांसमोर रस्ता पांढरा झाला होता, आणि मागे कोणी नव्हतं.
परदेशी पहिले, धम्मदीप दुसरा. तिसरा मी. मी म्हणजे मीच. सिंधूताईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पेन कागदावर टेकवून थांबल्या. मी पुढे जाऊन उभा राहिलो. सगळे रस्त्याकडे बघत होते. चार मिनिटांनी गोपाळराव लंगडत आले, आणि मग सिंधूताईंनी तिसरं नाव त्यांचं लिहिलं.
म्हणजे मला कोणालाच काढायची गरज नव्हती. चौघंही असते तरी मी जात होतो.
थोडा वेळ रडलो. घाम पुसतोय असं दाखवलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
सिंधूताईंना फोन करून सांगितलं, माझं मत बदललं आहे, स्पर्धा सगळ्यांना खुली पाहिजे, तसं राष्ट्रीय संघटनेलाही कळवा आणि आपला ठराव रद्द करा. म्हणाल्या, भाऊ, त्याच्यासाठी सभासदाचा अर्ज लागते, आणि तुम्ही तं आता हद्दीबाहेरचे पाहुणे, सभासदच कुठं? मी विचारलं, मग कोण देऊ शकतो? म्हणाल्या, हद्दीतल्या कोणाले सांगून पाहा.
गोपाळरावांना सांगणं शक्य नाही. धम्मदीप फोन उचलत नाही, दुकानात गिऱ्हाईक असेल. शेवटी परदेशींना लावला. सगळं सांगितलं, ‘घारे डोळे’ वगळून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
म्हणाले, देतो ना गा अर्ज, त्यात का एवढं. पण आता जयपूरवरून वापस आल्यावर.