रणगाड्याच्या कुशीला तीनच पुठ्ठे

जयेंद्रगंज, लश्कर (ग्वाल्हेर)
चैत्र वद्य ३, शके १८६७

श्रीयुत भालचंद्रपंत यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती, सौ. लीलाताईंचा गुडघा आणि मुलांचे खोकले आपापल्या जागी ठीक असतील असे धरून चालतो. इकडे तुमच्या भगिनी खुशाल आहेत, असे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून वाटते. माझ्याशी बोलणे तीन दिवसांपासून बंद आहे. मी थकलो आहे. उन्हामुळे म्हणावे, तर ऊन दरवर्षीच असते.

थकव्याचे मूळ चैत्रगौरीत आहे. यंदा तुमच्या भगिनी म्हणाल्या, हळदीकुंकवाच्या आराशीत तोच कागदी बगीचा नको, काही नवीन करा. माझ्यासारख्या माणसाला असे मोघम सांगू नये. मी बांधकाम खात्यात नकाशे उतरवणारा. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण दौलतगंजच्या रद्दीवाल्याकडून अमेरिकन मासिके आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन जे शिकलो, त्याच्या जोरावर सांगतो, रणगाडा या विषयात आज अख्ख्या लश्करात माझ्या तोडीचा माणूस नाही (असल्यास तो अजून पुढे आलेला नाही). (पत्रे उघडून वाचणाऱ्या अधिकाऱ्यांस विनंती: खालचे सर्व आकडे रद्दीत मिळतात.)

तेव्हा मी शर्मन रणगाडा केला. फुटाला इंच हे माप. खरा नऊ फूट उंच, म्हणून माझा नऊ इंच. आधीचा ‘ली’ जातीचा मुद्दामच केला नाही. त्याचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेले, आणि बाहेरून गोळा बसला की रिव्हेट तुटून आतल्याच माणसांना लागत. शर्मनला ही भानगड नाही, सांधे वेल्डिंगचे, काहींचे तर सबंध अंगच ओतीव. चिलखतासाठी मी दर अर्धा इंच पोलादाला एक पुठ्ठा असा हिशेब ठेवला. तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या तोंडाला सहा पुठ्ठे. पुढच्या अंगाला चार, पण तिथे उतार आहे, आणि त्या उतारामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला दोन इंचांऐवजी साडेतीन इंच पोलाद ओलांडावे लागते (हे मी त्रिकोण काढून स्वतः पडताळले, मासिकात नव्हते). कुशीला तीन. शिवाय एक कूस डब्याच्या झाकणासारखी काढता येईल अशी केली, म्हणजे बायकांना थर मोजता यावेत.

आता हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषांनी घराबाहेर जायचे असते, हे मला मान्य आहे. मी गेलोही होतो. परंतु शेजारच्या मंदाताई रणगाड्याला पाहून “अगं बाई, पाण्याचा बंब का मांडलाय गौरीपुढे?” असे विचारताना खिडकीतून ऐकू आल्या, आणि मला आत यावे लागले.

मी सगळे सांगितले. बायका हातात कैरीची डाळ घेऊन उभ्या होत्या, पन्ह्यावर माशा बसत होत्या. मनापासून ऐकणाऱ्या एकच निघाल्या: शिंदे की छावनीतल्या विजयाबाई, तुमच्या भगिनींच्या मैत्रीण. काय एकेक प्रश्न! गोळे कुठे ठेवतात, विचारले. मी झाकण काढून दाखवले, इथेच, कुशीच्या आत. मग बाजूने मार बसला तर? मी म्हणालो, पेट घेतो. वीस वर्षांत मला कोणी इतके नेमके विचारले नव्हते. त्यांनी बोटाने थर मोजले. “भावोजी, इथे तीनच?” मी म्हणालो, “बरोबर मोजलेत!” आणि शाबासकी दिली.

विजयाबाई ओटीत घेतलेले हरभरे तिथेच ताटात परत ठेवून निघून गेल्या. त्यांचा मुलगा कान्होजी ब्रह्मदेशात शर्मनवर आहे, तोफेत गोळे भरतो. हे मला माहीत होते, भालचंद्रपंत. आठवले नाही.

“बायका इथे डाळ खायला येतात, पोलाद मोजायला नव्हे,” एवढे बोलून तुमच्या भगिनींनी माझ्याशी बोलणे संपवले. त्याआधी गौरीवर हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली, की विजयाबाईंपुढे चिलखताचे अक्षर काढणार नाही. विजयाबाई मात्र रोज दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. रडत नाहीत, भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. पहिल्याच दिवशी विचारले, “सच्ची सांगा भावोजी, गोळे भरणारा कुठे उभा असतो?” मी म्हणालो, मला माहीत नाही. “तुम्हाला? माहीत नाही?” असे म्हणून माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि जे समजायचे ते समजल्या. त्या दिवसापासून एकदाच जेवतात, आणि तेही पानात टाकतात असे ऐकतो. मी ऑफिसातून मागच्या दाराने घरात येतो.

असो. फार लिहिले. मुलांना आशीर्वाद. आपला लोभ आहे तितका राहू द्यावा.

आपला
गोपाळकृष्ण

ता. क. ज्यासाठी कागद घेतला ते राहिलेच. गेल्या दिवाळीत इथे फराळाला बसला असताना तुम्ही म्हणाला होतात, की तुमच्या नगरच्या वर्कशॉपात आलेल्या शर्मनना गोळ्यांच्या पेट्यांवर बाहेरून जादा पत्रा जोडलेला असतो. मी तुम्हाला मध्येच तोडून ‘मासिकात तसे नाही’ म्हणालो होतो, आणि आराशीतही तो पत्रा लावला नाही. माझे ते बोलणे मागे घेतो. तुम्ही हाताने काम करता, मी वाचतो. तर एवढीच बात विजयाबाईंना पत्राने कळवावी, बाळबोध आणि ठळक अक्षरात. तुमच्या अंगावर खाकी आहे, तुमचे त्या मानतील. माझे खरे बोलणेही आता त्यांना समजूत घातल्यासारखे वाटेल.

ता. क. २. तो पत्रा एकच इंच जाड आणि पेट्यांपुरताच, असेही तुम्ही म्हणाला होतात. ते लिहू नये. जाडी विचारलीच, तर ‘भरपूर’ असे लिहावे.