देवाच्या दिव्याचं बटण

मंगळवार, संध्याकाळ

परत बंद! आमच्या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या चॅटरूममध्ये चोवीस तास हजर राहता यावं म्हणून जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर केला. तिथे आपण नसताना कोणी बोललं की ते गेलंच, मागचं काही दिसत नाही. तीन आठवडे एकच प्रश्न विचारतेय. आज कोणी उत्तर दिलं असेल का? कळायला मार्गच नाही.

आई भजनाला जाताना सवयीने घरातली सगळी बटणं बंद करून गेली. लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलीय.

"अगं, चिठ्ठी लावली होती ना बटणावर!" ती परत आल्यावर मी म्हटलं.

"घरात माणूस नाही, मग ते कोणासाठी चालू ठेवायचं?"

चिडले. पण तिची जन्माची सवय माझ्या चिठ्ठीने सुटणार होती का?

मग लक्षात आलं, देव्हाऱ्यातला लाल दिवा चालूच होता. त्या बटणाला आई गावाला जातानाही हात लावत नाही. तिथेच मल्टिप्लग लावला, सर्व्हर देव्हाऱ्याखाली हलवला आणि प्रश्न पुन्हा टाकला.

आत्ता पाहिलं, तर आईने लॅपटॉपला हळदकुंकू लावलंय.

आता करा म्हणावं बंद!