कापलेल्या खूणगाठी

तीर्थरूप काकांना,

हाताला ग्रीस लागलंय, त्यामुळे नमस्कार लांबूनच. इकडे सगळं ठीक आहे, आई बरी आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकू जिना चढू देतात, की अजून खालच्या खोलीत नजरकैद?

पत्राचं कारण बाबांची मोटारसायकल. (आता तुम्ही चष्मा काढून म्हणाल, नंतर वाचू. नंतर नाही, आत्ताच वाचा.) बाबा गेल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी होती. आईनं तिकडे बघणं सोडलं होतं आणि हळूहळू बोलणंही सोडत चालली होती. मला वाटलं, गाडी चालू झाली तर आईही जरा चालू होईल. शाळेत पोरांना वीज शिकवणाऱ्या बाईला एवढंही जमू नये? तेव्हा सुट्टी लागताच मी पदर खोचला (पँटला पदर नसतो, मनातल्या मनात खोचला) आणि कामाला लागले.

नवी बॅटरी बसवून किल्ली फिरवली. हॉर्न दाबला तर पुढचा दिवा लागला. डावा इंडिकेटर दिला तर उजवा लाजत लाजत मिचकला. पायाचा ब्रेक दाबला तर मागचा दिवा राहिला बाजूला, हॉर्ननंच बारीक आवाजात 'पीं' केलं, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं. सीट काढून आत बघते तर लाल वायर हिरवीला जोडलेली, हिरवी लालला, आणि वर नुसत्या गाठी! एका वायरीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. आमच्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोरानंही असली जोडणी केली नसती. बाबांना मी तिथल्या तिथे शून्य मार्क दिले. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्यानं आत डोकावून पाहिलं, स्वतःचे कान पकडले आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

मग मीच पक्कड घेतली. सगळ्या गाठी कापून कचऱ्यात टाकल्या आणि नव्या वायरी घातल्या, नकाशाबरहुकूम, रंगाला रंग. काका, खोटं नाही सांगत, जे दाबावं तेच वाजायला लागलं आणि तेच पेटायला लागलं. आनंदाच्या भरात आईला न सांगताच संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारली. परत येताना फाटकाशी ब्रेक दाबला. मागचा दिवा झकास लागला.

आत आले तर आई ओट्याशी उभी. समोर चहाचं आधण, खाली गॅस बंद. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "इंजिनचा आवाज आला गं, हात सवयीनं गॅसकडे गेला. मग फाटकाशी पीं झालं नाही. म्हणून बंद केलं."

मग ती तिथेच स्टुलावर बसली आणि कितीतरी दिवसांनी बोलत राहिली. गाडी जुनी विकत घेतली तेव्हा तुम्ही दोघा भावांनी अंगणात बसून वायरिंग बदललं होतं म्हणे. बाबांना लाल-हिरवं एकच दिसायचं हे मला ठाऊक होतं (टोमॅटो पिकलाय का, हे ते दाबून बघायचे), पण तुम्हीही तसलेच हे आत्ता कळलं! रंग दिसेना म्हणून तुम्ही गाठी मारल्यात, दिव्याची एक, हॉर्नच्या दोन, ब्रेकच्या तीन, आणि मोजताना दोघंही चुकलात. तुम्ही सुधारायला निघालात तर बाबांनी हात धरला. फाटकाशी पीं झालं की मी आलो हे हिला आत कळतं, राहू दे, म्हणाले. (ते पीं मी लहानपणापासून ऐकलं, पण बाबा हॉर्न वाजवतात असंच समजत आले.) बाकीच्या चुका त्यांनी पाठ करून टाकल्या आणि जन्मभर तशीच गाडी चालवली.

'खूणगाठ बांधणे' मी आजवर फक्त 'वाक्यात उपयोग करा' एवढ्यापुरती वापरली. तुम्ही दोघांनी ती खरोखर बांधली होती आणि मी ती पकडीनं कापली. गाडीपाशी जाऊन मी खूप रडले. बाबा गेले तेव्हा पाहुण्यांच्या अंथरुणा-पांघरुणांत रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यातच उरकलं.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी
(शून्य मार्क आता माझ्याकडे आहेत)

ता. क. – ती चूक मी पुन्हा करून बघितली. जमत नाही. एकतर फ्यूज उडतो, नाहीतर हॉर्न दणकून वाजतो आणि आई आतून म्हणते, हा नव्हे. बाबा गेल्यापासून तुम्ही आमच्या फाटकाच्या आत आला नाहीत. बाबांशिवायचं घर बघवत नाही, ते मला कळतं. तरीही या. वायरी तुमच्याच डोळ्यांनी जोडा, लाल कुठली ते मी अजिबात सांगणार नाही.

आणखी एक – त्या गाठी आईनं कचऱ्यातून वेचून काढल्या, पुसल्या आणि उशाखाली ठेवल्यात. वर 'इकडे सगळं ठीक आहे, आई बरी आहे' असं लिहिलंय, ते पत्रात तसं लिहितात म्हणून. ते तेवढं खोडा आणि निघा.