हातात चार राजे असताना

विनमका, सोमवार

टक्, टक्, टकटक. चौथीच्या वर्गात मिस हॅलोरन शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून टेबलावर कवितेचा ठेका धरायच्या आणि आम्ही बावीस पोरं डोळे मिटून एका सुरात म्हणायचो. (डोळे मिटल्याशिवाय कविता दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.) त्या आवाजाला एकसष्ट वर्षं झाली. पण परवा बॉयसीत तो मला पुन्हा ऐकू आला आणि त्याने घात केला. ते सांगायलाच कागद पुढे ओढला आहे.

माननीय मेहुणे झेनॉन यांस लेआंद्रोचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मेंढ्या डोंगरावरून उतरल्या का? आम्ही दोघं सुखरूप. तुमची बहीण बित्तोरी ठणठणीत आहे, आवाजही शाबूत आहे. ती तुमची चौकशी करत नाही, पण टपाल आलं की पाकिटांवर एल्कोचा शिक्का आधी शोधते, आणि विचारलं तर बियाण्यांचं सूचिपत्र शोधतेय म्हणते. (ऑक्टोबरात!)

तुम्हा दोघांचं रीनोला जे झालं त्यात मी पडत नाही. एकतीस वर्षं पत्त्यांत जोडीदार असलेल्या सख्ख्या भावाबहिणीने मुसच्या एका डावावरून दोन वर्षं बोलणं टाकावं हे बरं नव्हे, एवढंच. ती तुम्हाला गाढव म्हणाली हे कबूल. पण तुम्हीही भर हॉलमध्ये, ‘तुझ्या भुवया पेन्सिलीने काढलेल्या, त्या कायमच वर असतात, तुझ्याकडे जोड्या आल्यात हे मला कळावं कसं?’ असं ओरडायला नको होतं. तेव्हापासून तुमच्या खुर्चीवर मी बसतो. मेहुणे, मी मेंढ्या राखल्या, विहिरी खणल्या, हिमवादळात कोकरं कोटात घालून चाललो, पण त्या खुर्चीइतकं अवघड काम आयुष्यात केलं नाही.

तर बॉयसीच्या स्पर्धेसाठी शुक्रवारी पहाटे आमच्या जुन्या पिकअपमधून निघालो. शनिवार-रविवार दोघांनीच कुठे जाण्याची एकेचाळीस वर्षांतली ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी नवा सदरा घातला होता आणि मनात शरदातल्या नदीची ती चौथीतली कविता चालू होती. बित्तोरीच्या मनात मात्र डावात जोडीदाराला करायच्या खुणा चालू होत्या. गावाची वेस ओलांडताच उजळणी सुरू झाली. ओठ चावला की दोन राजे, जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के, भुवया वर गेल्या की जोड्या, आणि डोळे मिटले की हात रिकामा. खूण करायची ती खरीच करायची, खोटी केली की नाक कापलं गेलं. (हे तुम्हाला सांगायला नको, पण मला तिने अडीचशे मैल सांगितलं.) मॅकडर्मिटला पेट्रोल भरताना गार वाऱ्याने फुटलेला ओठ मी जरा चावला, तर गाडीतून हाक आली, “राजे कुठून आले रे तुझ्याकडे?”

जॉर्डन व्हॅलीच्या पुढे गस्तीवरच्या पोलिसाने गाडी थांबवली. कोवळा होता बिचारा. त्याला मागून दिसत होतं ते एवढंच, की एक म्हातारी म्हाताऱ्याला सारखी जीभ दाखवतेय आणि म्हातारा ओठ चावत, भुवया उडवत गाडी चालवतोय. त्याने खिडकीशी वाकून अदबीने विचारलं, “आजी, सगळं ठीक आहे ना? काही भांडण वगैरे?” बित्तोरी म्हणाली, “भांडण नाही बाळा, सराव आहे. याला दोन एक्के सांगतेय तर हा नदीकडे बघतो.” त्याने माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि जाऊ दिलं.

बॉयसी तुम्हाला ठाऊकच आहे. पण झाडं पिवळी झालेली असताना, कामाशिवाय, शेजारी बायको घेऊन तिथे गेला आहात का कधी? संध्याकाळी बोर्डिंग हाउसच्या लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बीन्सचं सूप, कोकराचं मटण आणि लाल दारू झाली. मग नदीकाठी चालत गेलो. बित्तोरीने माझा हात धरला. (पाय घसरू नये म्हणून, असं ती म्हणाली. वाट कोरडी होती.) मेहुणे, त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा अडीचशे मैल जीभ बघत जाईन.

शनिवारी आम्ही चक्क तीन फेऱ्या जिंकलो, कारण माझ्या तोंडावर काय चाललंय हे ना शत्रूला कळत होतं ना मला. चौथी फेरी त्या दोन विधवा जावांशी, एउस्ताकिया आणि ग्रेगोरिया. दोघी ऐंशीच्या पुढच्या, एकीला ऐकू येत नाही, दुसरी ऐकून घेत नाही. शेवटच्या डावात दोन्ही जोड्यांना जिंकायला एकेकच खडा, म्हणजे एकच गुण, हवा होता. पत्ते उचलले. माझ्या हातात चार राजे! चार, मेहुणे! आणि तेवढ्यात ग्रेगोरिया विचार करत अंगठीचं बोट टेबलावर वाजवू लागली: टक्, टक्, टकटक. खिडकीबाहेर पिवळी पानं गळत होती. माझे डोळे आपोआप मिटले आणि कविता सुरू झाली.

एउस्ताकिया गरजली, “ओर्दागो!” सगळा खेळ त्या एका बोलीवर. बित्तोरीने माझे मिटलेले डोळे पाहिले आणि जड आवाजात ‘नाही’ म्हणाली. बोली नाकारली म्हणून त्यांना हवा तो एक खडा मिळाला आणि सामना संपला. मी पत्ते उघडे टाकले, तर हॉलमधल्या सगळ्या माना आमच्या टेबलाकडे वळल्या. मग ग्रेगोरिया म्हणाली, “अगं बाई, याला झोप लागली होती की काय?” पंचांनी वहीत खोटी खूण म्हणून लिहिलं.

बित्तोरी मला रागावली नाही, हेच भयंकर. रविवारी दिवसभर आम्ही नदीकाठी बसलो. दुपारी तिने विचारलं, “कविता कुठली होती?” मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटली. तिने शेवटपर्यंत ऐकली, एकेचाळीस वर्षांत प्रथमच. मग पाण्याकडे बघत म्हणाली, “छान आहे. पण झेनॉनने चार राजे धरून डोळे मिटले नसते.” दोन वर्षांनी तिच्या तोंडून तुमचं नाव निघालं, मेहुणे. घरी येताच मी दौत काढली.

सर्वांना यथायोग्य. तुमच्या गुडघ्यास आराम पडो.

आपला,
लेआंद्रो

ता. क. पत्राचं कारण वर लिहायचं राहिलं. मार्चमध्ये पुढची स्पर्धा आहे. कृपा करून तुमची खुर्ची परत घ्या. भुवयांबद्दल एक शब्द मागे घेतलात की पुरे, ‘गाढव’ ती मागे घेईल. नाही घेतलं तर मी तिच्या वतीने घेतो.

ता. क. २. तुमच्याशी खोटं बोलवत नाही म्हणून लिहितो. हे वाचून कागद चुलीत टाका. ओर्दागो मी ऐकलं होतं. कविता तोवर संपली होती. जिंकलो असतो तर अख्खा रविवार त्या कोंदट हॉलमध्ये गेला असता. नदी खिडकीतून दिसत होती. मी डोळे उघडले नाहीत, झालं.

ता. क. ३. अंगणात गाडीचं दार आपटलं. या वेळी कोण? पडदा सारून पाहिलं, तर एक पाय ओढत कुणीतरी पायऱ्या चढतंय आणि आत येण्याआधीच ओरडतंय, “चार राजे धरून डोळे मिटणारा तो इसम कुठाय? एल्कोत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली!” मेहुणे, तुम्ही? बित्तोरी दाराशी गेली आहे. “आधी बूट पूस,” म्हणाली. दोन वर्षांनी एवढंच. तुम्ही काही पुटपुटलात, भुवया की काय ते ऐकू आलं, ती हसली. आता दोघं एका आवाजात माझं नाव घेत याच खोलीकडे येत आहेत, शाई ओली आहे, आणि कागद लपवायला हा नवा सदरा