शर्टांमागची बरणी

मुलुंड, गुरुवार

प्रिय गार्गी,

तू पेढी सोडून अंधेरीला राहायला गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत मी एका जागी धड बसलेलो नाही. सकाळी पाच रस्त्याच्या चौकापर्यंत जातो, परत येतो, पेढीवर खुर्ची ओढतो की लगेच उठतो. नंदू, तुझा बाप, वैतागलाय. अप्पा, एक तर बसा, नाहीतर घरी जा, म्हणाला काल. परवा तुझ्याकडे यायला बसमध्ये चढलो आणि पवईला उतरून परत आलो. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. तू परत यावंस एवढंच मला हवंय, पण ते मागायच्या आधी बरंच सांगायचं आहे.

घरचं म्हणशील तर तुझी आई माझ्यावर रुसली आहे. गेल्या आठवड्यात गॅसवरचं दूध पार करपलं आणि मी बाजूच्याच खोलीत पेपर वाचत बसलेलो. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून तिने चांगलंच ऐकवलं. मी म्हटलं, म्हातारपण. हल्ली हे उत्तर फार उपयोगी पडतं.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा माझ्याकडे भांडवल म्हणून काहीच नव्हतं. वेंगुर्ल्याच्या मामाचा काजू कापडी पिशवीत घालून मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत मिठाईवाल्यांच्या पायऱ्या झिजवल्या. दलालाचं स्वतःचं काय असतं गं? माल दुसऱ्याचा, दुकान तिसऱ्याचं. आपला फक्त शब्द. मी एक काजू चावायचो, 'चालेल' म्हणायचो आणि डबे हलायचे. माल खपेपर्यंत त्यातली मूठभर वानगी बरणीत चिठ्ठी लावून ठेवायची, म्हणजे तक्रार आली तर दोघांसमोर बरणी उघडता येते. हा नियम मीच घातला. तू नववीत असताना त्या चिठ्ठ्या लिहायला बसायचीस आणि प्रत्येक चिठ्ठीमागे दोन काजू गट्टम करायचीस.

आता बोरिवलीच्या मिठाईवाल्या चंद्रप्रकाशशेठना दिलेला माल. दसऱ्याच्या सुमारास बोरिवलीला जाताना टेम्पोत तू म्हणालीस, आजोबा, हा खवट लागतोय हो. मी तुला उडवून लावलं. चार बुकं शिकलं म्हणून जीभ येत नाही, असं म्हणालो, तेही ड्रायव्हरसमोर. आणि शेठना 'चालेल' सांगितलं. त्यांची दिवाळीची सगळी काजूकतली गिऱ्हाइकांनी परत आणून दिली. ते पेढीवर येऊन ओरडले, नंदूने वानगी मागितली, आणि बरणी जागेवर नव्हती. बरण्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे. सगळ्यांदेखत तो तुला बेजबाबदार म्हणाला. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. टेम्पोतलं बोलणं तू तिथे सांगू शकली असतीस. माझा मान राखलास आणि पर्स उचलून निघून गेलीस.

गार्गी, बरणी माझ्याकडे आहे. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याजवळ असते हे कुणाच्या लक्षातही नाही. शेठचा तक्रारीचा पहिला फोन मीच घेतला होता. त्याच दुपारी बरणी काढली आणि घरी माझ्या शर्टांमागे लपवली. लाज वाटते गं, फार लाज वाटते. रोज ती उघडायचो, नाकाला लावायचो, एक काजू चावायचो. दोन वर्षांपूर्वी मला तो ताप आला ना, तेव्हापासून कशाचाच वास येत नाही. कापूर नाही, हिंग नाही, करपलेलं दूधही नाही. चवही गेली. दोन वर्षं मी नुसता चावतोय आणि अंदाजाने 'चालेल' म्हणतोय. तेही म्हणता आलं नाही तर पेढीत माझं काय काम, या भीतीने कुणाला बोललो नाही. तुझ्यावर आळ आला तेव्हाही नाही.

शनिवारी अकरा वाजता शेठना पेढीवर बोलावलं आहे. नंदूलाही थांबायला सांगितलंय. बरणी कुठे होती आणि का होती, ते मीच सांगणार, तू आली नाहीस तरी सांगणार. वानगी थोडी तरी उरावी म्हणून कालपासून तिला हात लावलेला नाही. पण बरणी उघडल्यावर काजू चावून खरं काय ते सांगणारं माणूस लागतं, आणि आपल्या पेढीत ते आता एकच आहे. येशील?

तुझाच,
आजोबा